मोकळ्या तारेचं भांडण

माझ्या गिटारीची दुसरी तार मोकळी छेडली की झिणझिणते. पहिल्या पडद्यावर बोट ठेवलं की गप्प. कॉलेजातली गिटार आहे. धड वाजवली नाही आणि धड टाकूनही दिली नाही, अशा वस्तूंपैकी. मध्यंतरी एका दुकानात तारा बदलून घेतल्या, तेव्हापासून हे दुखणं. भाचीला फोनवर तो आवाज ऐकवला. ती म्हणाली, "मावशी, नट गेलाय. घेऊन ये."

'नट गेला' हे वाक्य मी आजवर फक्त वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर वाचलं होतं. गिटारीचा नट म्हणजे गळ्याच्या वरच्या टोकाला, खुंट्यांच्या अलीकडे बसवलेली पांढरी पट्टी. लांबीला बोटापेक्षा कमी, त्रेचाळीस-चव्वेचाळीस मिलिमीटर. तिच्यात सहा खाचा. तार खुंटीकडून येते, खाचेतून उतरते आणि त्या क्षणापासून वाजू लागते. खालचं टोक घोडीवर. सगळ्या वाद्यात इतकी छोटी आणि इतकी दुर्लक्षित दुसरी वस्तू नसेल.

भाची पुण्यात हाताने गिटारी बनवते. तिच्या कारखान्यात, म्हणजे एका बंगल्याच्या गॅरेजात, मी पोचले तेव्हा मिरजेचे चाचा चहा पीत बसले होते. डिसेंबरात गाण्याचे कार्यक्रम सुरू झाले की ते तानपुरे लावायला पुण्यात येतात. भाचीने त्यांच्याकडे एक अख्खा पावसाळा जवारी शिकण्यात घालवला आहे. पूर्ण शिकली नाही असं तिचं म्हणणं, काहीच शिकली नाही असं त्यांचं.

मी गिटार काढली आणि दुसरी तार छेडली. झंऽऽन्.

"वा!" चाचांनी कप खाली ठेवला. "जवारी लागली की ताई. कुणी काढली?"

"चाचा, ती खोट आहे," भाची म्हणाली.

"खोट? अगं, पैसे घेऊन करतो आम्ही ही खोट."

इथून जे सुरू झालं ते संध्याकाळी पावणेसातपर्यंत चाललं.

भाचीने भिंग लावून नट बघितला आणि मलाही दाखवला. "तार खाचेच्या पुढच्या कडेवर टेकली पाहिजे. पडद्यांच्या पट्टीकडच्या कडेवर, आणि तिथेच. तिथून मागे खाच खुंटीकडे उतरत गेली पाहिजे. दुकानदाराने जाड तार बसावी म्हणून कानस आडवी मारली आणि पुढची कड खाल्ली. आता तार मागे कुठेतरी टेकते आणि पुढच्या अर्ध्या मिलिमीटरवर थरथरत घासते. म्हणून झिणझिण."

"बरं. आणि माझ्या घोडीवर काय होतं?"

भाची जरा थांबली. "तेच होतं."

"बोल की मोठ्यानं."

"तेच होतं, पण मुद्दाम. आणि दोन-तीन सेंटिमीटर रुंदीवर."

हे मला समजायला वेळ लागला, म्हणून इथे थोडं थांबते. तानपुऱ्याची घोडी धारेची नसते, पाटासारखी रुंद असते आणि तिच्या माथ्याला डोळ्याला न दिसणारा बाक असतो. तार त्या बाकावरून हळूहळू सुटते. थरथरताना ती कधी थोडी पुढे टेकते, कधी मागे. त्या टेकण्या-सुटण्यातून वरचे स्वर झडतात, पंचम, गांधार, कधी त्याच्याही वरचे. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा धागा सरकवत नेऊन हे नेमकं जुळवायचं, ते जवारी लागणं. १९२१ साली चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी कलकत्त्याहून भारतीय तंतुवाद्यांवर एक छोटा निबंध लिहिला. पाश्चात्त्य नियम असं सांगतो की तार ज्या जागी छेडाल, तिथे ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू असेल तो उपस्वर ऐकू येणार नाही. तानपुऱ्यावर आणि वीणेवर तो येतो. रामन यांनी त्याचं कारण या रुंद घोडीत शोधलं. नोबेल मिळालं ते पुढे नऊ वर्षांनी, प्रकाशाच्या कामासाठी.

"म्हंजे हिचा नियम आमच्याकडं मोडतो," चाचा म्हणाले.

"मोडत नाही, चाचा. तुमची घोडी तो नियम लागू होऊ देत नाही."

"तेच ते."

तेच ते नव्हतं, पण भाचीने सोडून दिलं. तिने तारा सैल केल्या, नटाला लाकडी ठोकळा लावला आणि हातोडीचा अलगद टोला दिला. नट टक्कन सुटला. उलटा केला तर आतून पोकळ प्लास्टिक. चाचांनी तो नखावर वाजवून बघितला आणि काही न बोलता परत दिला. हाडांच्या तुकड्यांचा डबा उघडत भाची म्हणाली, "मी नेहमी हाडच बसवते."

आता चाचा खूष होतील असं मला वाटलं. मिरजेचा माणूस, पिढीजात धंदा, हस्तकला, परंपरा. मनातल्या मनात मी वाक्यसुद्धा तयार केलं होतं.

"कशाला हाड?" चाचा म्हणाले. "फायबर लाव की."

"तुम्ही म्हणताय हे?"

"मीच म्हणायलोय. चाळीस वर्षं उंटाचं हाड घासलंय मी. दाताच्या डॉक्टरकडं दात घासताना वास येतो का न्हाई, तो वास. तो नाकात घेऊन जेवायला बसायचं. तुला हौस हाय, कारण तू वर्षाला सहा पट्ट्या घासतीस."

"पण वाजतं ना वेगळं?"

"एका हाडाची दोन टोकं वेगळी वाजतात. तू कुठलं टोक लावणार, ते सांग. नळीच्या मधलं घट्ट असतं, कडेचं जाळीदार. वरून दोन्ही पांढरं. कानस लावली की कळतं, तोवर अर्धा दिवस गेला. फायबरचा पहिला तुकडा तसा हजारावा तुकडा."

"आणि मिरजेच्या सतारीला, तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते?"

"मानांकन मिरजेला मिळालं गं, उंटाला न्हाई."

हे बोलून त्यांनी माझ्याकडे दाद मागितल्यासारखं पाहिलं. मी दिली. मग ते जरा गंभीर झाले. "हे बघ पोरी. आमची माणसं मूळची शिकलगार. तलवारींना धार लावायची. तलवारी गेल्या, तेव्हा पटवर्धन सरकारांच्या आसऱ्यानं वाद्यं शिकली. त्यांनी लोखंड सोडून लाकूड धरलं, तर ती परंपरा. मी हाड सोडून फायबर धरलं तर बाटलो व्हय? आधी हस्तिदंत होतं, बड्या लोकांच्या वाद्याला. सांबराचं शिंग होतं. १९७२ ला वन्यजीवांचा कायदा आला, ते सगळं मागं पडलं. मग उंटाचं हाड. तिकडं राजस्थानानं उंट राज्याचा प्राणी केला, २०१५ ला कत्तलबंदी केली. प्रत्येक वेळी कुणीतरी म्हणतंच, आता संपलं गाणं. कुठं संपलं?"

"तसं आमच्याकडेही झालं," भाची म्हणाली. "१९व्या शतकातल्या मार्टिनच्या भारी गिटारींवर हस्तिदंती नट असायचे. हत्तींच्या दाताचा जागतिक व्यापार १९९० पासून बंद झाला. आता तसली जुनी गिटार घेऊन देशाबाहेर जायचं तर आधी कागद जमवा. मग कुणी कागद आणि राळ दाबून केलेलं मिकार्टा वापरलं, कुणी कोरियन."

"कोरियन म्हंजे? कोरियातलं?"

"नाही हो. स्वयंपाकघराचा ओटा करतात त्या मालाचं नाव. मार्टिनच्याच बऱ्याच गिटारींवर त्याचे नट आहेत. आणि कॅनडात एक कंपनी खास अशा कामांसाठी कृत्रिम हस्तिदंत बनवते, टस्क म्हणून."

"मग ओट्याचं लाव."

"नाही लावणार." तिने एक तुकडा उचलून माझ्या हातात दिला. थंड, गुळगुळीत, एका बाजूला किंचित पिवळा. "मावशी, तुला सांगते का ते. प्लास्टिकवर कानस मारली की ते गरम होऊन दातांत चिकटतं. खाच कुठे संपली ते हाताला कळत नाही, डोळ्यांनी बघत बसावं लागतं. हाड बोलतं. कानस एका सुरात चालते आणि तळ गाठला की सूर बदलतो. शिवाय वर्षभर तार त्यात सरकली की खाच आतून चकाकते. मग सूर लावताना तार अडत नाही. तिसरी तार नेहमी अडते ना? खुंटी पिळतो, पिळतो, काही होत नाही आणि मग टुंग करून एकदम चढते. ती खाचेत अडकलेली असते."

"त्याला शिसपेन्सिलीची पूड घालायची," चाचा म्हणाले.

"घालते मीपण."

"मग हाड कशाला?"

भाचीने सुस्कारा टाकला. "गिऱ्हाईक विचारतं."

"हां!" चाचांनी मांडीवर थाप मारली. "आलीस वळणावर. गिऱ्हाईक विचारतं, हाड कुठलं. तू गिटार विकतीस का म्हसरू?"

मला वाटतं भाचीची ही बाजू लंगडी होती आणि तिला ते ठाऊक होतं. हाताने केलेल्या वस्तूच्या बाजारात 'अस्सल' हा शब्द स्वतःच एक माल असतो, आणि तो विकल्याशिवाय हाताने काही करणं परवडत नाही. पण कानशीबद्दल ती बोलली ते मला खरं वाटलं. तिचं हाडावरचं प्रेम कानापेक्षा हातात आहे.

तोवर चाचांनी दुसरी आघाडी उघडली होती. "आता मला सांग. पहिल्या पडद्यावर बोट ठेवलं की ह्या नटाचं काम काय?"

"काही नाही. तार पडद्यापासून घोडीपर्यंतच वाजते. नट बाद."

"म्हंजे हा फक्त मोकळ्या तारेपुरता. आणि गिटारीवर मोकळी तार किती वाजते?"

"भरपूर वाजते. आणि म्हणूनच तर मोकळी तार नि दाबलेली तार कानाला एका घरातली वाटायला हवी. पडदा धातूचा, नट हाडाचा, फरक राहतोच थोडा. तो घालवायला १९७० नंतर काही वर्षं पितळी नटांची साथ आली होती. काही जण त्याहून सरळ उपाय करतात. नटाच्या लगेच पुढे आणखी एक पडदा ठोकतात, शून्य पडदा. मग नट तारा फक्त जागेवर धरतो आणि मोकळी तारसुद्धा पडद्यावरूनच वाजते. जँगो राइनहार्ट वाजवायचा ती सेल्मरची गिटार तशीच होती."

"हे तर झकास! मग सगळेच का ठोकत न्हाईत?"

"पुढे स्वस्तातल्या गिटारींवर तो सर्रास आला. नट नीट कापायचे कष्ट वाचतात ना. म्हणून त्याचं नाव खराब झालं."

"म्हंजे कानाचा न्हाई, अब्रूचा सवाल."

"थोडाफार."

"आमच्याकडं बघ. तानपुऱ्याला बोट कधी लागतच न्हाई, चारी तारा जन्मभर मोकळ्या. म्हंजे तुझ्या हिशेबानं वरच्या पट्टीवर आम्ही जीव टाकायला पाहिजे. पुस्तकात तिला मेरू लिहितात, आम्ही अटी म्हणतो. अटीवरनं भांडताना मिरजेत कुणाला बघितलंस? तिनं तार सरळ धरायची आणि गप बसायचं. बोलायचं काम घोडीचं."

"माझ्याकडेही तेच म्हणते मी! नटाने गप्प बसायचं. या गिटारीचा नट बोलत होता, म्हणून तर काढला."

दोघंही एकच बोलत होती, पण मान्य कोण करणार?

मी सुचवलं की ऐकूनच बघू. भाचीच्या भिंतीवर तिची स्वतःची एक गिटार होती, जिच्यासाठी तिने दोन नट कापून ठेवले होते. एक हाडाचा, एक त्या कॅनडाच्या मालाचा. नट तसाही डिंकाच्या दोन थेंबांवर आणि तारांच्या ताणावर बसलेला असतो, बदलायला पाच-सात मिनिटं लागतात. चाचा भिंतीकडे तोंड करून स्टुलावर बसले, मीही. तिने आधी एक लावून वाजवलं, मग दुसरं, मग पुन्हा पहिलं. पडद्यावर दाबलेले स्वर, मग मोकळ्या तारा एकेक.

मला काडीचा फरक कळला नाही.

"दाबलेलं सारखंच," चाचा भिंतीलाच म्हणाले. "मोकळ्यात दुसरं बरं हाय. तिसरी तार पहिल्यात जरा कोंदटते."

दुसरा नट कॅनडाचा होता. भाची गप्प झाली. चाचा वळले, दोन्ही नट मागून घेतले, चष्मा कपाळावर सरकवून खाचा जवळून पाहिल्या.

"हाडाचा दोष न्हाई. हाडातली तिसरी खाच तू घट्ट कापलीस. तार बसत न्हाई, चिमटल्यासारखी हुबी ऱ्हाती. फायबरची नीट कापलीस. कंटाळली होतीस का त्या दिवशी?"

"ताप होता," भाची म्हणाली.

मग माझा नट कापायला घेतला. हाडाचाच, कारण डबा उघडा होता आणि कुणालाच पुन्हा भांडायचं नव्हतं. हे काम बघायला मला फार आवडलं, म्हणून सांगते. सहा तारांची जाडी वेगवेगळी. माझ्या संचात सर्वांत बारीक ०.३० मिलिमीटर, सर्वांत जाड १.३५. प्रत्येकीला वेगळी कानस, तारेहून केसभर रुंद, तळाला गोल. खाचांमधलं अंतर मोजताना मध्यापासून मध्यापर्यंत सारखं ठेवायचं नसतं. तसं केलं तर जाड तारा एकमेकींना चिकटल्यासारख्या वाटतात. तारांमधली मोकळी जागा सारखी ठेवायची, म्हणजे बोटाला अंतर सारखं लागतं. तारेचा निम्मा भाग खाचेत, निम्मा वर. आणि खोली? तिसऱ्या पडद्यावर तार दाबायची आणि पहिल्या पडद्यावर डोळा लावायचा. तिथे तार आणि पडदा यांच्यामध्ये एक कागद कसाबसा जावा. तार पडद्याला टेकलीच तर मोकळी वाजताना फडफडेल. दोन कागद गेले तर पहिल्या पडद्यावर दाबताना बोट दुखेल आणि सूर चढेल.

"आम्ही सूत सरकवतो, तू कागद," चाचा म्हणाले. त्यांना ते मनापासून पटलं होतं. "आणि जास्त कापलं गेलं तर?"

"खायचा सोडा खाचेत भरायचा आणि वर फेविक्विकचा थेंब. दगड होतो. पुन्हा कापायचं."

"आणि हिचं गिऱ्हाईक हाड विचारतंय," चाचा मला म्हणाले.

पाच खाचा झाल्या. सहावीच्या आधी भाचीने नट उचलला, पट्टीच्या टोकाला लावला आणि म्हणाली, "मावशी, हा थोडा पुढे सरकवू का? अर्धा मिलिमीटर."

चाचांनी डोळे बारीक केले. "का?"

"तार दाबली की ताणते. ताणली की चढते. त्यासाठी खालची घोडी दोन-अडीच मिलिमीटर मागे सरकवलेली असते, जाड तारेला जास्त. तरी नटाजवळच्या दोन-तीन पडद्यांवर थोडा चढेपणा उरतो. नट घोडीकडे सरकवला की मोकळी तार आखूड होते. ती सुरात लावताना सैल करावी लागते, आणि तिच्याबरोबर दाबलेले सगळे स्वर उतरतात. साडेसहाशे मिलिमीटरच्या तारेवर अर्धा मिलिमीटर म्हणजे सव्वा-दीड सेंट. अर्ध्या सुराचे शंभर सेंट धर." तिने कपाटाकडे बोट केलं. "ग्रेग बायर्स नावाच्या अमेरिकी गिटारकाराने १९९६ साली यावर सविस्तर लेख लिहिला, प्रत्येक तारेला नट वेगळा किती सरकवायचा त्याचं गणित. आता बरेच हातकारागीर करतात."

"सतारीचा पडदा दोऱ्यानं बांधलेला असतो," चाचा म्हणाले. "चुकला तर सरकवायचा. वाजवणाराच सरकवतो, राग बदलला की. तार ओढून मींडही घेतो. तुझी पट्टी काय गुन्हेगार हाय, तिला ठोकून टाकायला?"

"सरकत नाही म्हणूनच नट सरकवते. कारण एका पडद्याखाली सहा तारा आहेत, आणि सहाही एकदम वाजतात. एकीसाठी पडदा हलवला की पाच बिघडतात."

"मग हे पडदे कुणी ठरवले?"

यावर भाची खुलली. तिचा आवडता विषय. "गॅलिलिओचे वडील, विन्चेन्झो गॅलिलेई. ल्यूट वाजवायचे. त्यांनी १५८१ च्या पुस्तकात सोपा नियम दिला. उरलेल्या तारेचा अठरावा भाग सोडा आणि पडदा लावा, पुन्हा उरलेल्याचा अठरावा. आता आम्ही १८ ऐवजी १७.८१७ ने भागतो, म्हणजे साडेसहाशेच्या तारेवर पहिला पडदा साडेछत्तीस मिलिमीटरवर. गंमत बघा, चाचा. अठराने भागत गेलं तर बारावा पडदा बरोबर मध्यावर येत नाही, सूर बारा सेंट कमी पडतो. पण बोटाने दाबल्यावर तार चढते, आणि ती कमी त्यात बरीचशी मुरते. चुकीचा नियम हाताखाली बरोबर वाजायचा. गणित नीट केल्यावर चढेपणा उघडा पडला."

(ते पुस्तकही दोन माणसांच्या संवादाच्या रूपात लिहिलेलं आहे, असं तिने मला नंतर सांगितलं. त्यातल्या कुणाला चहा मिळाला होता का, ते माहीत नाही.)

"म्हंजे एका चुकीनं दुसरी झाकली. शाणा माणूस," चाचा म्हणाले. "आता तू सव्वा सेंटासाठी नट कापायलीस. मला एक सांग, तुझ्या पट्टीवरचा गांधार किती चढा हाय?"

भाचीला हा प्रश्न येणार हे माहीत असावं. "चौदा सेंट."

"चौदा! घर गळायलंय आणि ही उंबऱ्याला रंग देतीय."

"चौदा सेंट चूक नाही, ठराव आहे. बारा स्वर सारख्या अंतरावर ठेवायचे, म्हणजे कुठल्याही पट्टीत गाता येतं. गांधार थोडा चढा, पंचम अगदी जरासा उतरलेला, हे सगळ्यांनी मिळून मान्य केलंय. जगातल्या प्रत्येक गिटारीचा गांधार तेवढाच चढा आहे. पण नटापाशी उरतो तो चढेपणा कुणी ठरवलेला नाही. तो तारेच्या जाडीवर, खाचेच्या खोलीवर, कोण किती जोरात दाबतो त्यावर आहे. मी ठरवून केलेली चूक ठेवते आणि नकळत झालेली काढते."

मला हे उत्तर फार आवडलं. चाचांनाही आवडलं असावं, कारण त्यांनी लगेच उलटून काही म्हटलं नाही. कप उचलून बघितला, रिकामा होता.

"आमच्या मिरजेत अब्दुल करीम खाँसाहेब होते," ते म्हणाले. "सांगलीचे देवल होते, डेप्युटी कलेक्टर. १९१० साली त्यांनी श्रुतींवर पुस्तक काढलं. क्लेमंट्स म्हणून साहेब, जज्ज. खाँसाहेब गायचे, हे मोजायचे. बावीस श्रुतींची पेटी करून घेतली. पेटी झाली, पण गाणाऱ्यांनी काय जवळ केली न्हाई. एवढ्या पट्ट्या कोण दाबणार? तूपण ठरवच कर. पण ठरावाचा सूर सुरात हाय असं मला सांगू नको."

मग त्यांनी कोपऱ्यातला तानपुरा पुढे ओढला. कुणा गायकाचा, दुरुस्तीला आलेला, काळी एकमध्ये लावलेला. घोडी फायबरची होती. मी मुद्दाम पाहिलं. एका तारेखालचा धागा त्यांनी नखाने कणभर सरकवला आणि छेडू लागले. पंचम, षड्ज, षड्ज, खर्ज. दोन-तीन आवर्तनांनंतर तो वर आला. कुणीही न छेडलेला, कुठल्याच तारेचा नसलेला गांधार. पातळ आणि स्थिर.

"लाव तुझा," चाचा म्हणाले.

भाचीने भिंतीवरची गिटार घेतली, तानपुऱ्याच्या षड्जाला जुळवली आणि पहिल्या तारेवर पहिला पडदा दाबला. दोन गांधार एकत्र आले आणि मध्ये लाटा उठू लागल्या, वँ-वँ-वँ-वँ, सेकंदाला पाच-सहा. एवढ्या स्पष्ट, की इथे काही कळायला कान तयार असायची गरज नव्हती. मघाशी दोन नटांत काही न कळलेली मी, मलाही ऐकू आल्या.

चाचा काही बोलले नाहीत. छेडत राहिले.

भाचीने पडद्यावरचं बोट न उचलता दुसऱ्या हाताने खुंटी सैल केली. लाटा मंदावल्या. चार, दोन, एक लांबलचक. मग थांबल्या. गॅरेजात काही क्षण नुसता तो गांधार भरून राहिला; त्यातला किती तारेचा आणि किती घोडीचा, हे कळायला मार्ग नव्हता. तिचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

मग तिने बोट उचललं आणि तीच तार मोकळी छेडली. तानपुऱ्यासमोर ती स्वच्छ खाली पडलेली. तिसऱ्या पडद्यावर दाबली, तोही उतरलेला. एक स्वर बसवायला बाकीचे सगळे उठवावे लागले होते.

"अर्धा मिलिमीटर सरकवू का, मावशी?" तिने विचारलं.

"सरकव," मी म्हटलं.

चाचांनी तानपुरा गवसणीत घातला. भाचीने खुंटी परत पिळून तार होती तिथे आणली, आणि माझ्या नटाची सहावी खाच कापायला घेतली.